अर्ध्यावर थांबणारी तुतारी

मित्रांनो, रेडिओवर आवडतं गाणं लागलंय, ऐन रंगात आलंय आणि कोणीतरी फटकन बटण बंद केलं तर? राग येतो की नाही? "अरे, पुढचं राहिलं ना!" असं आपण ओरडतो. पण जगात एक शहर असं आहे, की तिथे एक सूर रोज, दर तासाला, मध्येच तुटतो आणि कोणीसुद्धा रागावत नाही. उलट खाली चौकात उभी असलेली माणसं वर बघून आनंदाने हात हलवतात!

हे शहर म्हणजे पोलंड देशातलं क्राकूव्ह. घरात नकाशा असेल तर उघडा पाहू. युरोपात जर्मनी शोधा. त्याच्या पूर्वेला पोलंड. आता पोलंडच्या दक्षिण भागात बोट फिरवा. विस्तुला नदीच्या काठी क्राकूव्ह सापडेल. वॉर्सा ही पोलंडची राजधानी होण्याआधी राजे लोक इथेच राहत होते. म्हणून गाव जुनं, आणि जुन्या गावात असतात तशा गोष्टीही पुष्कळ.

आज आपण तिथला एक मनोरा चढून जाणार आहोत. मी स्वतः काही क्राकूव्हला गेलेली नाही, बरं का! पण पुस्तकं, नकाशे आणि फोटो यांच्या मदतीने त्या मनोऱ्याचा जिना मी इतक्या वेळा चढले आहे, की आता पायऱ्यासुद्धा पाठ झाल्या आहेत. एवढा खटाटोप कशासाठी, म्हणाल? माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला म्हणून. तो प्रश्न काय होता, ते पुढे येईलच. आधी चौकात तर जाऊ!

बारा वाजायला आले!

क्राकूव्हचा मुख्य चौक केवढा मोठा आहे ठाऊक आहे? त्याची एकेक बाजू सुमारे २०० मीटर भरते. म्हणजे कडेकडेने एक फेरी मारली की ८०० मीटर चालणं झालं! १२५७ साली हा चौक आखला, आणि त्याचा आकार आजही तसाच आहे. चौकाच्या मधोमध लांबलचक कापडबाजार आहे. पूर्वी इथे व्यापारी कापडाचे तागे मांडून बसत. आता तिथे शोभेच्या वस्तूंची दुकानं आहेत. बाहेर घोडागाड्या उभ्या आहेत, कबुतरं दाणे टिपताहेत. आणि हे हातगाडीवर काय विकायला ठेवलंय? आपल्या कडबोळ्यासारखं गोल वळलेलं, पण पावाचं! वर खसखस किंवा तीळ लावलेले. त्याचं नाव ओब्वाझानेक. घ्या एकेक, आणि खात खात माझ्याबरोबर चला.

चौकाच्या कोपऱ्यावर तांबड्या विटांचं एक भव्य चर्च दिसतंय ना? ते सेंट मेरीचं चर्च. नीट बघा, त्याला दोन मनोरे आहेत आणि गंमत म्हणजे ते सारखे नाहीत. एक ६९ मीटर उंच, तर दुसरा ८० मीटरांहूनही उंच. उंच मनोऱ्याच्या टोकाला छोट्या छोट्या मनोऱ्यांचं कडं आहे आणि मधल्या सुळक्यावर सोनेरी मुकुट झळकतोय. हा मुकुट १६६६ साली तिथे चढवला. आपल्याला जायचंय ते याच मनोऱ्यावर.

पण थांबा, घड्याळात बारा वाजताहेत. शूऽऽ! टोल पडले. आता वर बघा. मनोऱ्याची एक छोटी खिडकी उघडली. तिच्यातून काहीतरी चमकतं बाहेर आलं. ट्रम्पेट! पितळेचं लखलखीत ट्रम्पेट. आपण त्याला सोयीसाठी तुतारी म्हणू. सूर सुरू झाला. संथ, सरळ, गोड सूर. वर चढतोय, वर चढतोय... आणि खट्! मध्येच बंद.

खिडकीतून एक हात बाहेर आला. तुतारीवाला आपल्याला हात करतोय. करा ना तुम्हीही!

थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पुन्हा तेच सूर, आणि पुन्हा तिथेच तुटले. मग तिसऱ्या बाजूने. मग चौथ्या. या सुरावटीला पोलंडमध्ये 'हेयनाऊ' म्हणतात. हा शब्द मूळचा हंगेरी देशातल्या भाषेतला. त्याचा अर्थ पहाट.

बाणाची गोष्ट

सूर मध्येच का तुटतो? याची एक गोष्ट तिथली लहान मुलंसुद्धा सांगतात.

१२४१ साल. चंगीझखानाच्या नातवांच्या फौजा युरोपात घुसल्या होत्या. वेगवान घोडे आणि अचूक तिरंदाजी यांमुळे मंगोलांचं नुसतं नाव काढलं तरी लोकांचा थरकाप होत असे. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला दूरवर धुळीचे लोट दिसले. शहराच्या वेशी उघड्या होत्या, लोक आपापल्या कामात होते. खाली उतरून एकेकाला सांगायला वेळ कुठला? त्याने तुतारी उचलली आणि जीव खाऊन फुंकली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. लोक सावध झाले, वेशी बंद झाल्या. पण तेवढ्यात एका मंगोल तिरंदाजाचा बाण सूं सूं करत आला आणि थेट त्याच्या गळ्यात घुसला. सूर अर्धाच राहिला. त्या शूर पहारेकऱ्याची आठवण म्हणून आजही तुतारी तिथेच थांबते.

अंगावर काटा आला ना? माझ्या वर्गातही असंच झालं. गोष्ट संपली तेव्हा सगळा वर्ग चिडीचूप होता. तेवढ्यात मधल्या ओळीतून एक हात वर आला.

"बाई, हे लिहून कोणी ठेवलं?"

"म्हणजे गं?"

"म्हणजे, बाण लागला तेव्हा वर तो एकटाच होता ना? मग सूर नेमका कुठे तुटला, ते लक्षात कोणी ठेवलं?"

काय सांगू मित्रांनो, मला उत्तरच देता येईना! मी ती गोष्ट खरीखुरी घडलेली म्हणूनच सांगितली होती. "शोधून सांगते हं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण बाईंनी शब्द दिला की पाळायला नको का? म्हणून मी शोधायला लागले.

२७२ पायऱ्या

चला, आता मनोरा चढू. इथे एका वेळी थोडीच माणसं वर सोडतात, कारण जिना अगदी अरुंद आहे. सुरुवातीला दगडी पायऱ्या, पुढे लाकडी. मोजत चला. एकूण २७२ भरतील. तुतारीवाल्यांची खोली आहे ५४ मीटर उंचीवर. तुमच्यापैकी जे गणितात हुशार आहेत त्यांनी सांगा, एक पायरी सरासरी किती उंच? ५४०० सेंटिमीटर भागिले २७२. जवळजवळ २० सेंटिमीटर! आता तीन मीटरचा एक मजला धरला तर हे किती मजले झाले? अठरा. आणि इथे लिफ्ट नाही, बरं का!

पोचलो एकदाचे. दम खा जरा आणि या खिडकीतून बघा. दक्षिणेला टेकडीवर दिसतोय तो वावेलचा राजवाडा. पश्चिमेला खाली चौक आहे आणि त्यात एकटाच उभा असलेला जुन्या नगरभवनाचा मनोरा. उत्तरेला फ्लोरियनची वेस. आणि जुन्या शहराभोवती ते हिरवं कडं कसलं? पूर्वी तिथे तटबंदी होती. एकोणिसाव्या शतकात ती बहुतेक पाडली आणि तिच्या जागी बाग केली. आता शत्रूऐवजी फिरायला आलेली आजोबा-आजी मंडळी तिथे दिसतात.

तुतारी चार दिशांना का वाजते, तेही आता कळेल. एकदा वावेलच्या बाजूला, राजासाठी. एकदा नगरभवनाच्या बाजूला, नगराध्यक्षांसाठी. एकदा वेशीच्या बाजूला, येणाऱ्या पाहुण्यांसाठी. आणि एकदा पूर्वेला, अग्निशमन दलासाठी. कारण तिकडे त्यांचं ठाणं आहे.

अग्निशमन दल मध्येच कुठून आलं? अहो, हे तुतारीवालेच मुळी अग्निशमन दलाचे जवान आहेत! आपण ज्यांना बंबवाले म्हणतो ना, तेच. चोवीस तासांची पाळी असते. दिवसा, रात्री, थंडीत, बर्फात, दर तासाला चार वेळा तुतारी वाजते. करा गुणाकार: चोवीस गुणिले चार, दिवसाला ९६ वेळा. वर्षाला ३५,०४० वेळा! मध्यरात्री दोन वाजता चौकात चिटपाखरू नसतं, तरी खिडकी उघडते, सूर निघतो, तुटतो आणि खिडकी बंद होते.

शोध लागला

आता माझ्या शोधाकडे वळू. मला काय काय सापडलं, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, १२४१ सालचा हल्ला अगदी खरा आहे. मंगोलांनी क्राकूव्ह जाळलं, लुटलं. पण त्या वेळी जे चर्च होतं तेही त्यात उद्ध्वस्त झालं. आज दिसतं ते चर्च त्यानंतरचं. हा उंच मनोरा तर आणखी पुढचा, आणि त्याचं सुंदर टोक १४७८ सालचं. म्हणजे ज्या खिडकीतून आपण बघतोय, तिथे तो पहारेकरी उभा असणं शक्यच नाही!

दुसरी गोष्ट, हेयनाऊची सर्वांत जुनी नोंद सापडते ती १३९२ सालची. म्हणजे हल्ल्यानंतर दीडशे वर्षांनी.

आणि तिसरी गोष्ट तर फारच मजेदार. बाणाची कथा जुन्या कागदपत्रांत कुठेच नाही! ती जगभर पसरली ती एका पुस्तकामुळे. एरिक केली नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक क्राकूव्हमध्ये राहून गेले होते. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, 'क्राकूव्हचा तुतारीवाला'. ती १९२८ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतलं मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. त्या कादंबरीच्या सुरुवातीला बाणाची ही कथा आहे. सातशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट, पण कागदावर दिसते ती अगदी अलीकडे!

म्हणजे चौथीतल्या त्या मुलीने बरोबर नेम मारला होता.

गावात अशी आणखीही एक कथा आहे. दोन मनोरे दोन भाऊ बांधत होते म्हणे. दुसऱ्याचा मनोरा आपल्यापेक्षा उंच होईल या मत्सराने एकाने भावाला सुरीने मारलं. ती सुरीसुद्धा लोक दाखवतात. कापडबाजाराच्या कमानीत ती टांगलेली आहे. पण जाणकार म्हणतात, ती सुरी चोरांना जरब बसावी म्हणून लावलेली होती. मग मनोरे लहानमोठे का? त्याचं कारण साधं आहे. ठेंगणा मनोरा चर्चचा, त्यात घंटा आहेत. उंच मनोरा शहराचा, पहाऱ्यासाठी. पहारेकऱ्याला लांबचं दिसायला हवं, मग त्याचा मनोरा उंच नको का?

मग खरं काय?

शोध संपला तेव्हा, खरं सांगते, मी थोडी हिरमुसले. एवढी छान गोष्ट, आणि तिला पुरावाच नाही! वर्गात जाऊन काय सांगायचं?

पण मग वाटलं, गोष्टीतला बाण बाजूला ठेवला तर मागे काय उरतं? उरतो तो पहारेकरी. आणि तो मात्र शंभर टक्के खरा आहे! शहराने खरोखरच या मनोऱ्यावर पहारेकरी ठेवले होते. पहाटे वेशी उघडताना आणि रात्री बंद करताना ते तुतारी वाजवत. कुठे धूर दिसला की इशारा देत. त्या काळी घरं पुष्कळशी लाकडाची, गल्ल्या अरुंद. एक ठिणगी उडाली की आळीच्या आळी जळून जायची. १८५० साली क्राकूव्हमध्ये अशी भयंकर आग लागली, की शहराचा साधारण दहावा हिस्सा तिच्यात गेला. मग आगीवर नजर ठेवणारी माणसं किती मोलाची, विचार करा. आज ही तुतारी बंबवाल्यांच्या हातात का आहे, हेही आता लक्षात आलं असेल.

मधल्या काळात कधी कधी खंडही पडला, पण शहराने हा रिवाज पुन्हा सुरू केला. १९२७ सालापासून तर दुपारी बारा वाजता ही तुतारी पोलंडच्या रेडिओवरून साऱ्या देशाला ऐकू जाते. सूर नेमका का तुटतो, हे इतिहासकारांना ठामपणे सांगता येत नाही. पण तो तुटला की प्रत्येक पोलिश माणसाला आपलं घर आठवतं, हे मात्र खरं.

याचा एक पुरावा तर इतिहासात नोंदलेलाच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने पोलंड गिळंकृत केला होता. या चर्चमधली लाकडी कोरीव कामाची प्रचंड वेदीसुद्धा जर्मनांनी उचलून न्यूरेंबर्गला नेली होती. वाइट श्टोस नावाच्या कलावंताने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून ती घडवली होती. १९४६ साली ती परत आली. पण त्या युद्धाच्या काळात हजारो पोलिश सैनिक आपल्या देशाबाहेर राहून लढत होते. इटलीत माँते कासिनो नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरचा मठ घेण्यासाठी चार महिने घनघोर लढाया झाल्या. त्यांत आपले भारतीय सैनिकही लढले. अखेर १८ मे १९४४ या दिवशी पोलिश सैनिक वर पोचले. मठाच्या ढिगाऱ्यावर त्यांनी झेंडा लावला आणि एमिल चेख नावाच्या सैनिकाने तुतारी काढली. त्याने काय वाजवलं असेल, ओळखा? हेयनाऊ! क्राकूव्हपासून शेकडो मैल दूर, तोच सूर.

आणि आता जे सांगणार आहे, ते ऐकून तुम्ही चकित व्हाल. या सैनिकांपैकी कित्येकांच्या आया, बहिणी आणि लहान मुलं त्या वेळी कुठे होती, माहीत आहे? आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवडे गावात! युद्धाच्या सुरुवातीला रशियाने पूर्व पोलंड घेतला आणि तिथल्या लाखो लोकांना दूर सायबेरियाकडे हाकललं. त्यातून सुटलेल्यांपैकी पुरुष सैन्यात भरती झाले. बायका-मुलं इराणमार्गे निरनिराळ्या देशांत पोचली. त्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती मुलं कोल्हापूरला कधी विसरली नाहीत. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरचं नाव कोरलेलं एक स्मारक आज उभं आहे.

पुन्हा वर्गात

मग मी वर्गात गेले आणि सगळं सांगून टाकलं. "मुलांनो, मी त्या दिवशी गोष्ट खरी म्हणून सांगितली, ते माझं चुकलं. ती दंतकथा आहे."

एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, आता ती सांगायची नाही?"

मी म्हटलं, "का नाही? सांगायची की! फक्त सांगताना 'असं म्हणतात' हे दोन शब्द जोडायचे. आणि पुढे हेही सांगायचं, की पहारा मात्र खरा होता."

प्रश्न विचारणारी ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "बाई, बाण लागून मेला त्याची गोष्ट झाली. पण ज्यांना बाण लागला नाही, नुसते रोज जागले, त्यांची नाही झाली."

मित्रांनो, मला वाटतं, ती बरोबर बोलली. शूर माणूस एका दिवसात शूर ठरतो, त्याची गोष्ट होते. पण सहाशे वर्षांपासून कोणी ना कोणी त्या २७२ पायऱ्या चढत आलंय. ज्या रात्री काहीच घडलं नाही, त्या रात्रीसुद्धा ते जागे होते. म्हणून तर खालचं गाव निवांत झोपलं.

चला, आता उतरू या. उतरताना भिंतीला हात धरा, घाई करू नका. आणि हो, एक काम देते. तुमच्या गावातही एखादा बुरूज, एखादी वेस, जुनं देऊळ नाहीतर विहीर असेल. तिची गोष्ट आजोबा-आजींकडून पूर्ण ऐकून घ्या. मध्ये बोलू नका. ऐकून झाली की मग हळूच विचारा, "आजोबा, हे लिहून कोणी ठेवलंय?" उत्तर काय मिळालं, ते वहीत लिहून ठेवा. कोण जाणे, पुढे कोणीतरी हाच प्रश्न विचारील, तेव्हा तुमची वहीच उपयोगी पडेल!